जांभळ्या धाग्याचा डबा

ठाण्याच्या आमच्या ऑफिसात दरवर्षी नवीन माणसं येतात आणि त्यांना पहिले पंधरा दिवस शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडतं. मी फार छान शिकवते म्हणून नाही. मी तापट आहे, समोर बसून मोबाइल चाळणाऱ्याला मी सरळ बाहेर काढते, आणि वरच्या लोकांना असंच कोणीतरी हवं असतं. पंचवीस वर्षं प्रोग्रामिंग करून मला खात्रीने सांगता येतील अशा गोष्टी थोड्याच आहेत. त्यातली एक मी चौथ्या दिवशी शिकवते: एका मूळ क्लासचे, म्हणजे साच्याचे, चार-पाच सबक्लास, म्हणजे पोटसाचे, असतील, तर त्यांपैकी नेमकं कशाचं ऑब्जेक्ट, म्हणजे प्रत्यक्ष वस्तू, बनवायची हे कोणी ठरवायचं आणि कुठे.

फळ्यावर मी जेवणाचं उदाहरण घेते. ‘जेवण’ हा मूळ क्लास. पोळी, भाजी, भात, आमटी सगळ्यांतच असतं, म्हणून ते तिथे लिहायचं. मग त्याचे सबक्लास: साधं जेवण, मधुमेहाचं, मऊ, उपवासाचं. प्रत्येकाची भाजी वेगळी, भात वेगळा. प्रोग्रामच्या हाती येतो फक्त एक शब्द, गिऱ्हाइकाने फॉर्मवर निवडलेला. त्या एका शब्दावरून त्या माणसाचं जेवण बनवायचं असतं.

रस्ते तीन आहेत. पहिला, ज्याला जेव्हा जेवण लागेल त्याने तिथल्या तिथे ठरवावं. यात तोच निर्णय दहा ठिकाणी लिहिला जातो आणि दहापैकी तीन ठिकाणी चुकतो. दुसरा, एकच जागा ठरवावी, तिला आमच्याकडे फॅक्टरी म्हणतात. तिथे ओळीने विचारायचं: शब्द ‘मधुमेह’ आहे का? मग हे बनव. ‘मऊ’ आहे का? मग ते बनव. आणि शेवटी एक एल्स, म्हणजे ‘यातलं काहीच नसेल तर’. तिसरा रस्ता नोंदवहीचा. प्रत्येक सबक्लासने स्वतःचं नाव वहीत लिहायचं, फॅक्टरीने फक्त वही उघडून बघायचं, आणि नाव सापडलं नाही तर काही न बनवता थांबायचं.

यंदाच्या वर्गात एक बाई होत्या. मुलांना वाढवण्यात दहा वर्षं घरी राहून पुन्हा नोकरीत आलेल्या. वहीच्या समासातसुद्धा काहीतरी टिपून ठेवायच्या. मी दुसरा रस्ता लिहून खडू खाली ठेवला तेव्हा त्यांनी हात वर केला.

“मॅडम, त्या शेवटच्या एल्समध्ये काय लिहायचं?”

साधा प्रश्न होता. वर्गात पंधरा माणसं माझ्याकडे बघत होती. “चहा घेऊन या सगळे,” मी म्हणाले, “मग बोलू.” चहानंतर मी दुसराच विषय काढला. त्या बाईंनी पुन्हा विचारलं नाही, पण वहीतली ती ओळ त्यांनी रिकामी ठेवली होती, ती मला माझ्या खुर्चीवरून दिसत होती.

त्या एल्समध्ये मी एकदा काय लिहिलं होतं, त्याची खरी हकिकत तोवर मी कोणालाच सांगितली नव्हती.

माझ्या आईचं डोंबिवली पूर्वेला पोळी-भाजी केंद्र होतं. आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर एक गाळा, आत चार शेगड्या, पोळ्या लाटणाऱ्या पाच बायका, आणि दुपारी जाणारे शंभरेक डबे. वडील गेल्यावर तिने ते सुरू केलं आणि त्यावर मला इंजिनिअर केलं. डबे मागवणारे बहुतेक म्हातारे होते, मुलं परगावी किंवा परदेशी असलेले. प्रत्येकाचं काही ना काही पथ्य. आईने त्यासाठी लोकरीचे धागे ठेवले होते. डब्याच्या कडीला लाल धागा म्हणजे मधुमेह, हिरवा म्हणजे मऊ जेवण, पिवळा म्हणजे उपवास, पांढरा म्हणजे साधं. साध्याला धागा कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. “म्हणजे मी बघितलंय हे मला कळतं,” ती म्हणाली.

कॉलेजात असतानाची एक दुपार मला आठवते. लाल लोकर संपली होती, म्हणून एका बाईने स्वतःच्या पिशवीतला जांभळा धागा एका डब्याला बांधला. डबे रिक्षात चढत होते. आईची नजर त्याच्यावर गेली आणि तिने रिक्षा थांबवली.

“हा कुठला रंग?”

बाई आत पाणी प्यायला गेलेली. दुसरी म्हणाली, “लालच असेल हो ताई, उशीर होतोय.”

“असेल म्हणजे? मला जो रंग कळत नाही तो डबा इथून हलणार नाही.”

बाई बाहेर आली, उलगडा झाला, रिक्षा गेली. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम. माझी परीक्षा होती आणि मला त्याच रिक्षाने स्टेशनला जायचं होतं, म्हणून मी आईवर भयंकर चिडले होते. तो जांभळा धागा माझ्या लक्षात राहिला तो त्या चिडण्यामुळे.

पुढे आई सत्तरीला आली. डोळ्यांना कमी दिसायला लागलं, डबे वाढले, आणि बायका आठवणीवर डबे भरताना गोंधळ करू लागल्या. तेव्हा मी तिला एक प्रोग्राम करून दिला. दोन रविवारांत केला आणि मला त्याचा फार अभिमान होता. लोक मोबाइलवर फॉर्म भरणार. सकाळी आठला गाळ्यातल्या प्रिंटरमधून कोणतं जेवण किती करायचं त्याचा कागद येणार आणि मागोमाग प्रत्येक डब्याचं लेबल. फॉर्मवरची पथ्यांची यादी आईला स्वतःला बदलता यावी अशी सोयही मी केली, श्रावणात तिला काय काय वाढवायचं असतं म्हणून.

जेवण बनवायच्या जागी मी दुसरा रस्ता घेतला. नोंदवही करायला आणखी एक संध्याकाळ लागली असती. चार प्रकारांसाठी कुठे वही मांडत बसायचं? ओळीने चार प्रश्न लिहिले आणि शेवटच्या एल्सपाशी येऊन मी आईला हाक मारली.

“आई, समजा कोणी पथ्याचं काही लिहिलंच नाही, तर?”

ती कणीक मळत होती. “लिहिलं नाही म्हणजे पथ्य नाही. साधं द्यायचं. आपल्याकडून कोणी उपाशी राहता कामा नये.”

मी एल्समध्ये लिहिलं: साधं जेवण.

कोणी उपाशी राहता कामा नये. आमच्या घरात हे कोणी भिंतीवर लिहिलं नव्हतं, पण दारात आलेला माणूस तसाच परत गेला असं मी कधी पाहिलं नाही. आणि मला ते माझ्या धंद्याच्या दृष्टीनेही पटलं. प्रोग्राम पडता कामा नये, मध्येच थांबता कामा नये, हेच तर आम्ही ऑफिसात रोज घोकतो. त्या एल्समुळे माझा प्रोग्राम कधीच थांबणार नव्हता. काहीही येवो, काहीतरी जेवण तयार होणारच. दोन वर्षं तो एकदाही थांबला नाही, आणि हे मी ऑफिसातल्या लोकांना मुद्दाम सांगायचे.

धागे मी बंद केले. बायकांना सक्त सांगितलं की लेबल म्हणेल तेच भरायचं. एकीने एकदा आपल्या डोक्याने एका आजोबांचा भात कमी केला होता, तर मी सुट्टीच्या दिवशी खाली गाळ्यात जाऊन तिला सगळ्यांसमोर झापलं. “तुमचं डोकं घरी वापरा, इथे लेबल आहे.” हे माझेच शब्द आहेत. त्यांची कोणी मला आठवण करून द्यायला नको.

आमच्या मागच्या गल्लीत एक सर राहायचे. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, आणि वर्षभरापासून आठवड्यातून तीनदा कल्याणला डायलिसिसला जाणारे. घरचं पथ्याचं सगळं त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, करायच्या. काकू बाथरूममध्ये घसरल्या, उजवा हात मोडला, प्लास्टर घातलं, आणि सरांच्या डब्याचा प्रश्न आला. त्या आईकडे आल्या. किडनीचं जेवण आईने आधी कधी केलं नव्हतं. तिने ते काकूंकडून नीट समजून घेतलं. टोमॅटो नाही, केळं नाही, बटाटा चिरून पाण्यात ठेवायचा, ते पाणी फेकायचं, पुन्हा उकळायचा, तेही पाणी फेकायचं. कारण त्यातलं पोटॅशियम या माणसांच्या शरीरातून बाहेर पडत नाही आणि वाढलं की थेट हृदयावर जातं. आईने हे सगळं वहीत लिहिलं. मग स्वतः मोबाइलवर, यादीत, पहिल्यांदाच एक नवीन शब्द घातला आणि सरांच्या फॉर्मवर तोच निवडला: किडनी. आणि मला ठाण्याला फोन केला.

“किडनीवाल्यांचं वेगळं घातलंय हं मी यादीत. मला जमलं.”

मी मीटिंगमध्ये होते. “बरं केलंस. ठेवते,” मी म्हणाले.

इतकी वर्षं हा धंदा केलेल्या बाईला त्याच क्षणी कळायला हवं होतं की यादीत शब्द वाढला म्हणजे सबक्लासही वाढला पाहिजे आणि फॅक्टरीतला प्रश्नही. कळलं असतं, जर मी ऐकत असते.

पहिले दोन दिवस आईने सरांचा डबा स्वतःच्या हाताने भरला. लेबल तिने वाचलंच नाही. मोतीबिंदूमुळे तिला ती बारीक अक्षरं दिसतही नव्हती. तिसऱ्या दिवशी त्याच मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी आठ दिवस शेगडीजवळ जायचं नाही म्हणून बजावलं होतं. आई बायकांना म्हणाली, “सगळं लेबलावर येईल. बघून भरा.” आणि डोळ्यावर पट्टी बांधून वर पडून राहिली, निर्धास्त.

प्रोग्रामच्या हाती शब्द आला: किडनी. मधुमेह आहे का? नाही. मऊ? नाही. उपवास? नाही. साधं? नाही. मग एल्स. लेबल छापलं गेलं: साधं. आठ दिवस.

दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटणारी एकजण म्हणाली होती, “अगं, ह्या सरांचं ते किडनीचं ना? ताई वेगळं भरत होत्या.” दुसरीने लेबल दाखवलं. “साधं लिहिलंय. डॉक्टरने बदललं असंल. तू डोकं नको चालवू, मॅडम ओरडतील.” हे मला नंतर त्यांनीच सांगितलं, घाबरत घाबरत, जणू चूक त्यांची होती.

नवव्या दिवशी सकाळी सर पलंगावरून उठताना कोसळले. हॉस्पिटलात नेलं तेव्हा पोटॅशियम इतकं वाढलं होतं की हृदयाचे ठोके चुकत होते. तातडीने डायलिसिस केलं, चार दिवस आयसीयूत ठेवलं. वाचले. पण नंतर ते पूर्वीसारखे चालले नाहीत, आणि पाच महिन्यांनी गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीपासूनच कमजोर होतं, या दोन्हींचा संबंध जोडू नका. डॉक्टरांचं म्हणणं खरं असेल. मला ते कधी पुरलं नाही.

ज्या दिवशी सर कोसळले त्याच दुपारी मी ऑफिसातून लॅपटॉपवर प्रोग्राम उघडला. चूक सापडायला दोन मिनिटंही लागली नाहीत. मी नवीन सबक्लास लिहिला, एल्स काढून टाकला, तिथे ‘थांब’ असं लिहिलं, आणि घरी गेले. आई पट्टी काढून, काळा चष्मा लावून बसली होती.

“काय झालं गं? मशीनचं काही चुकलं का?”

इथे मला थांबून नीट सांगितलं पाहिजे, कारण मी जे केलं ते इथे केलं. प्रोग्राममधली चूक कोणाचीही होऊ शकते. मी आईला म्हणाले, “तूच म्हणाली होतीस ना, पथ्य कळलं नाही तर साधं द्यायचं. तसंच लिहिलंय त्यात.”

ती असं म्हणालीच नव्हती. लिहिलं नाही तर साधं द्यायचं, असं ती म्हणाली होती. एखाद्याने काही न लिहिणं वेगळं, आणि त्याने लिहिलेलं मला न कळणं वेगळं. पहिल्याला आईचं उत्तर होतं. दुसऱ्यालाही होतं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. रिक्षा थांबवून दिलेलं उत्तर. मी ते विचारलंच नाही. दोन्ही गोष्टी मी एकाच एल्समध्ये टाकल्या आणि वर तिचं नाव लावलं.

आईने चष्मा नाकावर सारखा केला. मग मान हलवून म्हणाली, “हो. म्हटलं असेन मी.”

काळ्या चष्म्यामागचे डोळे मला दिसत नव्हते, आणि मला ते बरं वाटलं. हे लिहायला मला लाज वाटते, पण तसंच वाटलं होतं.

सर हॉस्पिटलातून घरी आले तेव्हा आई एकटीच त्यांच्याकडे गेली. परत आली तेव्हा एवढंच म्हणाली, “माझ्या स्वयंपाकघरातून चूक झाली म्हणून सांगून आले. वहिनींनी पाणी दिलं.” सर गेल्यावर तिने केंद्र बंद केलं. गुडघे दुखतात असं सगळ्यांना सांगितलं. गाळा आता एका शिवणकामवालीला दिलाय. शंभर डबे भरणारी बाई घरी पाहुणा आला की मलाच ओट्याशी पाठवते, स्वतः बाहेरच्या खोलीत बसते. गणपतीत नैवेद्याचं पान वाढायलासुद्धा शेजारणीला बोलावते. “माझ्या हाताचा आता भरवसा नाही,” म्हणते. तीन वर्षं मी हे ऐकत होते. प्रत्येक वेळी खरं सांगायचं ठरवायचे आणि प्रत्येक वेळी काहीतरी निमित्त निघायचं. निमित्तं काढण्यात मी तरबेज आहे.

वर्गात त्या बाईंनी प्रश्न विचारला त्यानंतरचा रविवार होता. आई गॅलरीत मोगऱ्याचा वेल ग्रिलला बांधत होती, जुन्या धाग्यांनी. लाल, हिरवे, पिवळे, पांढरे. धाग्यांचा डबा तिने टाकून दिला नव्हता. मी शेजारी स्टूल ओढून बसले आणि सांगितलं. प्रोग्राम तिला कळणार नाही असं मी इतकी वर्षं स्वतःला बजावलं होतं. तिला सगळं पहिल्या फटक्यात कळलं.

“म्हणजे तो जांभळा धागा होता,” ती म्हणाली.

“हो.”

“आणि तू तो पांढरा समजून पाठवलास.”

“हो.”

तिने हातातली गाठ पुरी केली. “मी तसं म्हटलंच नव्हतं?”

“नाही.”

“किती वेळा आठवून बघितलं मी. म्हटलं, असं कसं म्हणेन मी? पण तू म्हणालीस, म्हणून मग म्हटलं, असेन म्हटलं. वय झालं.” तिचा आवाज चढला नाही. “तीन वर्षं मला वाटत होतं माझं डोकं गेलंय.”

मी चहा टाकायला उठले. “बस खाली,” ती म्हणाली. “तुझ्या हातचा चहा नकोय मला आत्ता.” तेवढ्यात मला रडू आलं आणि तिने मला रडू दिलं, जवळ घेतलं नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, “मला सांगितलंस ते झालं. आता वहिनींना सांगून ये. मी मागितली ती माफी माझी नव्हतीच.”

काकू डोंबिवलीतलं घर विकून टिटवाळ्याला राहायला गेल्या होत्या. पुढच्या शनिवारी मी कल्याणला गाडी बदलून टिटवाळ्याला उतरले. नवीन इमारती, अर्ध्यांना अजून रंग नाही, रिक्षावाल्याला नाव सांगून कळेना. पाचवा मजला. काकूंनी दार उघडलं, मला ओळखलं, आणि आधी “ताई कशा आहेत?” असं विचारलं. भिंतीवर सरांनी काढलेलं एक चित्र होतं, खाडीचं, आणि त्याच्या शेजारी सरांचा फोटो. मी दोन्हींकडे पाठ होईल अशी बसले.

येताना वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही कामाला आलं नाही. मी सरळच सांगितलं. यादीत शब्द होता, माझ्या प्रोग्रामला तो माहीत नव्हता, न थांबता त्याने साधं जेवण पाठवलं. आईची काही चूक नव्हती. बायकांचीही नव्हती. मला कळलं होतं आणि मी आईवर ढकललं.

काकू ऐकत होत्या. मोडलेला हात त्यांना अजून पूर्ण वळवता येत नाही, तो त्यांनी मांडीवर धरून ठेवला होता.

“म्हणजे ताईंचं नव्हतं काही,” त्या म्हणाल्या.

“नाही. माझं होतं.”

“मला वाटायचं माझं.”

मला कळलंच नाही. त्या सांगू लागल्या.

“डब्यात केळं आलं तेव्हा बघितलं ना मी. टोमॅटोचं सार आलं. ह्यांना म्हटलं, हे चालतं का हो तुम्हाला? तर म्हणाले, त्या बाई पाणी फेकून, काय काय करून बनवतात, त्यांना माहीत आहे सगळं. फोन करून विचारते म्हटलं, तर म्हणाले, त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय, कशाला त्रास देतेस. मग मीही गप्प बसले.” त्या पुढे म्हणाल्या, “वर्षभर ह्यांनी चवीचं काही खाल्लं नव्हतं. त्या आठ दिवसांत फार खूश होते गं. वाटी चाटून पुसून साफ. माझा हात बरा झाला तरी सार त्यांच्याकडूनच आणू, म्हणायचे.”

कोणी चार शब्द सुनावले असते तर मला सोसलं असतं. त्याच तयारीने मी गेले होते. या गोष्टीची तयारी नव्हती. माझ्याच्याने मान वर होईना. काकूंनी मला माफ केलं का, ते मला माहीत नाही. त्यांनी तसं म्हटलं नाही, मी विचारलं नाही, आणि ते विचारायचा मला हक्क आहे असंही वाटत नाही.

घड्याळात साडेबारा झाले होते. मी पर्स उचलली.

“आता कुठे निघालीस? जेवायची वेळ आहे.”

“नको काकू, खरंच नको.”

“भरल्या वेळेला आमच्याकडून कोणी तसं जात नाही,” त्या म्हणाल्या, जवळजवळ रागाने, आणि डाव्या हाताने पदर खोचत आत गेल्या. मी तशीच उभी राहिले. कुकरचं झाकण निघाल्याचा आवाज आला. भाताचा वास आला. मग त्या पुन्हा स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

“तुला काही पथ्य आहे का गं?”

मला दोन वर्षांपासून मधुमेह आहे. मला ते लगेच सांगता येईना. काकू दारात थांबून राहिल्या. मी उत्तर देईपर्यंत त्यांनी ताटाला हात लावला नाही.